मापाला वीस अंश, माणसाला किती?

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या बऱ्यापैकी कारखान्यात गेलात, तर तिथे एक खोली अशी सापडते की जिचं दार कायम लावलेलं असतं. आत जाण्यापूर्वी बूट बाहेर काढावे लागतात. आत पाऊल टाकताच अंगावर गारवा येतो. ही मापाची खोली. तयार झालेला सुटा भाग सांगितलेल्या मापाचा उतरला आहे की नाही, हे इथे तपासतात. या खोलीचं तापमान २० अंश सेल्सियस राखायचं, असा जगभरचा संकेत आहे. तो १९३१ साली ठरला आणि आजही पाळला जातो.

याचं कारण साधं आहे. पोलाद तापलं की वाढतं. एक मीटर लांबीची पोलादी सळई एका अंशाने तापली, तर ती सुमारे साडेअकरा मायक्रॉनने लांब होते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा वाढीने काय बिघडतं, असं वाटेल. पण डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागांमधली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. असे भाग बनवणारी मायको कंपनी २००८ मध्ये नावाने बॉश झाली, तरी नाशिककरांच्या तोंडी मायको सर्कल कायम आहे. अशा कामात मे महिन्यात एक माप आणि डिसेंबरात दुसरं, असं चालत नाही. म्हणून मापाची खोली थंड ठेवण्याच्या खर्चाला कुणी चैन म्हणत नाही.

तोच भाग यंत्रावर घडवणाऱ्या माणसाला, त्याचं बिल करणाऱ्या मुलीला, त्याची पेटी भरणाऱ्या हमालाला किती अंश लागतात? आज मला याच प्रश्नाविषयी बोलायचं आहे. माझी बरीच वर्षं यंत्रांच्या देखभालीत गेली. पुढे छोट्या कारखान्यांचा वीजवापर तपासून देण्याचं काम केलं. त्या निमित्ताने सातपूर आणि अंबडच्या पुष्कळ शेडमध्ये हिंडलो. एकाच छपराखाली तीन ऋतू नांदताना मी पाहिले आहेत. खाली पत्र्याच्या शेडमध्ये वैशाख, वर साहेबांच्या केबिनमध्ये पौष आणि दोन्हींच्या मधल्या हिशेबखात्यात, जिथे एसीचा झोत एकाच टेबलावर पडतो आणि बाकीच्यांपर्यंत पोचत नाही, तिथे आश्विनातली चिकचिक.

नाशिकची हवा थंड, इथे पंख्याचीही गरज पडत नाही, असं जुनी मंडळी सांगायची. त्यात तथ्य होतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असलेलं हे गाव, आणि रात्री हवा उतरते ती आजही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्यानंतर सातपूरची वसाहत उभी राहू लागली. एप्रिल-मेमध्ये पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत तेव्हाही जात असे. पण शेडवर एक पत्रा आणि भिंतीला चार खिडक्या यापलीकडे विचार फारसा झाला नाही. हवा चांगली आहे, भागून जाईल, ही समजूत होती. ती समजूत आज महागात पडते आहे.

गंमत म्हणजे वातानुकूलनाचा शोध लागला तोही माणसासाठी नव्हे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात कागद दमट हवेने फुगायचा, आकसायचा आणि रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर बसायचे नाहीत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनियरने हवेतली आर्द्रता काबूत ठेवणारं यंत्र तयार केलं. आपल्याकडे कापडगिरण्यांत याच्या उलट प्रकार होता. सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम ओलावा सोडायचे. सूत सुखी व्हायचं आणि कामगार घामाने भिजायचा. हा प्रकार इतका सरसकट होता की १९४८ च्या कारखाने कायद्यात कृत्रिम आर्द्रतेसाठी स्वतंत्र कलम घालावं लागलं. कागद, सूत, पोलाद यांना काय मानवतं हे आपण आधी शोधलं. माणसाला काय मानवतं हे शोधायला बराच उशीर झाला.

खरं तर माणूस हीसुद्धा एक छोटी भट्टीच आहे. टेबलाशी बसून लिहिणाऱ्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे जुन्या काळच्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी. अवजड काम करणाऱ्याच्या शरीरात त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता तयार होते. शरीराचं आतलं तापमान मात्र ३७ अंशांच्या आसपास राहायलाच हवं. ही उष्णता बाहेर टाकण्याचे मार्ग तीन. भोवतालच्या हवेला देणं, भोवतालच्या थंड भिंती-छपरांकडे फेकणं आणि घाम वाळवणं. हवा त्वचेइतकी तापली आणि वरचा पत्रा तव्यासारखा झाला, की पहिले दोन मार्ग बंद होतात. उरतो फक्त घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, ही निसर्गाची फार मोठी सोय आहे. पण तो वाळला पाहिजे. नुसता निथळून जमिनीवर पडलेला घाम काही कामाचा नाही.

माठातलं पाणी एप्रिलमध्ये गार होतं आणि जुलैत होत नाही, हे आपण घरी पाहतोच. कोरड्या हवेत पाणी वाळतं, दमट हवेत वाळत नाही. माणसाचंही तेच आहे. म्हणून नुसता पारा पाहून भागत नाही. जाणकार लोक तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून दुसरा आकडा घेतात. माणसाला उकाडा किती सोसवेल, हे त्या ओल्या तापमानावरून अधिक खात्रीने सांगता येतं.

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पी. ओ. फँगर यांनी १९७० साली या विषयावर मूलभूत ग्रंथ लिहिला. माणसाला बरं वाटणं सहा गोष्टींवर ठरतं, असं त्यांनी दाखवलं. हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि कामातले श्रम. आपण कचेरीत भांडतो ते फक्त पहिल्या गोष्टीवरून, कारण रिमोटवर तेवढाच आकडा दिसतो. फँगर यांच्या मांडणीतली आणखी एक बाब प्रत्येक साहेबाने लक्षात ठेवावी. कितीही उत्तम व्यवस्था केली, तरी शंभरातले निदान पाच जण नाखूश राहतातच. तेव्हा सगळ्यांना पसंत पडेल असा आकडा शोधण्यात अर्थ नाही.

तापमानाचा कामावर परिणाम होतो का? होतो, आणि तो मोजला गेला आहे. कचेरीतल्या कामाविषयीचे अनेक अभ्यास एकत्र करून २००६ साली सेपानेन, फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो निष्कर्ष काढला, त्यानुसार काम सर्वांत चांगलं होतं ते सुमारे २२ अंशांना. ३० अंशांना ते जवळपास ९ टक्क्यांनी घसरतं. त्याआधी २००४ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲलन हेज यांनी फ्लोरिडातल्या एका विमा कचेरीत उलट बाजू पाहिली होती. तिथे २० अंशांच्या गारठ्यातून तापमान २५ अंशांवर नेल्यावर टंकलेखनातल्या चुका ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. हा अभ्यास मोजक्या लोकांवरचा आणि महिनाभराचाच होता. त्यामुळे आकड्याला देव मानायचं कारण नाही. पण उकाड्याने काम बिघडतं तसं गारठ्यानेही बिघडतं, बोटं आखडली की चुका होतात, हे कोणताही कारकून सांगेल.

हिशेबखात्यातल्या एखाद्या ताई मे महिन्यात स्वेटर घालून बसलेल्या दिसल्या, की लोक हसतात. यात हसण्यासारखं काही नाही. कचेऱ्यांच्या तापमानाची जी प्रमाणं जगभर रूढ झाली, त्यांत शरीराच्या उष्णतेचा हिशेब ४० वर्षांचा, ७० किलो वजनाचा पुरुष गृहीत धरून केला होता. नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं की हा हिशेब स्त्रियांच्या बाबतीत ३५ टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. २०१९ मध्ये बर्लिनमध्ये पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या तापमानांत गणिताचे आणि शब्दांचे प्रश्न सोडवायला दिले. खोली उबदार होत गेली तशी मुलींची उत्तरं सुधारली. मुलांची थोडी घसरली, पण मुलींच्या सुधारण्याहून कमी. तेव्हा ताईंना थंडी वाजते तो लाडाचा भाग नाही. केबिनमध्ये कोट-टाय घालून बसलेल्या साहेबांना १८ अंश हवेसे वाटतात, यात हवेपेक्षा टायचा दोष अधिक आहे. जपानने २००५ साली यावर सरळ उपाय केला. सरकारी कचेऱ्यांत उन्हाळ्यात एसी २८ अंशांवर लावायचा आणि टाय-कोट घरी ठेवायचा.

आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून नवे घरगुती आणि कचेरीतले स्टार लेबलचे एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतात. आकडा एका अंशाने वर नेला की एसीची सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ब्यूरोचा हिशेब आहे. १८ ऐवजी २४ ठेवले तर ढोबळमानाने एसीच्या विजेचा तिसरा हिस्सा वाचतो. लवकर गार व्हावं म्हणून १८ वर टाकणं हाही एक गैरसमज आहे. साधा एसी १८ वर ठेवला तरी त्याच वेगाने गार करतो. फक्त नको तितका वेळ करत राहतो. त्यापेक्षा एसी २५-२६ वर ठेवून छताचा पंखा मंद लावावा. वाऱ्यामुळे दोनतीन अंश कमी असल्यासारखं वाटतं आणि झोत एकाच टेबलावर न पडता हवा खोलीभर फिरते.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतातल्या वेगवेगळ्या हवामानांतल्या कचेऱ्यांत माणसांना प्रत्यक्ष विचारून भारतासाठी वेगळं प्रमाण तयार केलं. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याची दखल घेतली गेली. त्यानुसार खिडक्या उघड्या असलेल्या इमारतीत बाहेरचं सरासरी तापमान ३० अंश असेल, तर आत २९ अंशांच्या आसपास आपल्या लोकांना ठीक वाटतं. युरोपातून आणलेल्या २२ अंशांच्या मापाने आपण सगळ्या कचेऱ्या गारठवायची गरज नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

इथवर कचेरीचं झालं. खालच्या शेडचा मामला मात्र निव्वळ आरामाचा नाही. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि मीनू तिवारी यांचा भारतीय कारखान्यांवरचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. वर्षाचं तापमान एका अंशाने वाढलं की कारखान्याचं वार्षिक उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी कमी होतं, असं त्यांना आढळलं. उष्ण दिवशी हात मंदावतात आणि गैरहजेरीही वाढते. जिथे हवा थंड ठेवण्याची सोय होती तिथे कामाचा वेग घसरला नाही. गैरहजेरी मात्र तिथेही थांबली नाही. याचा अर्थ उघड आहे. कारखाना गार केला तरी कामगाराचं घर गार होत नाही. श्रमिकनगर किंवा अशोकनगरमध्ये जो पत्र्याच्या खोलीत रात्रभर तळमळतो, तो सकाळच्या पाळीला ताजातवाना कसा येईल? ज्याला पगारी रजा आहे तो एखादा दिवस घरी थांबतो. रोजंदारीवरच्याला खाडा परवडत नाही. तो येतो आणि पेंगत यंत्रापाशी उभा राहतो.

खरा धोका इथे आहे. कॅलिफोर्नियातल्या कामगार भरपाईच्या दाव्यांचा अभ्यास २०२१ साली झाला. तापमान ३२ अंशांच्या वर गेलेल्या दिवशी कामावर इजा होण्याचा संभव थंड दिवसांपेक्षा ६ ते ९ टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि तोही केवळ उन्हात काम करणाऱ्यांचा नव्हे. छपराखाली काम करणाऱ्यांनाही तो लागू होता. वाहनांच्या सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर बोटं जाण्याचे अपघात आपल्याकडे नवे नाहीत. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून त्यावर सातत्याने अहवाल काढते आहे. अशा अपघाताचं खापर बहुतेक वेळा कामगाराच्या दुर्लक्षावर फुटतं. ते दुर्लक्ष दुपारी अडीच वाजता, तापलेल्या पत्र्याखाली, चौथ्या तासाला का झालं, हे विचारायचं राहून जातं.

‘सवय होईल’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. सवय होते, हे खरंच आहे. शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेचा सल्ला आहे की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेत नेहमीच्या वेळेच्या पाचवा हिस्साच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं. आता आपली पद्धत पाहा. कंत्राटी मुलगा सोमवारी भरती होतो आणि सोमवारीच भट्टीपाशी पूर्ण पाळी करतो. काही महिन्यांत कंत्राट संपतं, दुसरा येतो. सवय होण्याची भाषा आपण करतो आणि सवय झालेला माणूस टिकूच देत नाही.

कायदा काय सांगतो? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमाने ताजी हवा आणि कामगाराला वाजवी आराम मिळेल असं तापमान राखण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती. भिंती आणि छप्पर अशा साहित्याचं असावं की तापमान शक्य तितकं कमी राहील, असंही त्यात म्हटलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यवसायजन्य सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. वायुवीजन, तापमान आणि आर्द्रता हे विषय त्या संहितेतही आहेत. कायद्याने छपराची आठवण १९४८ मध्येच ठेवली होती. विसरलो ते आपण.

आणि नाशिकच्या हवेत हे काम अवघडही नाही. सुरुवात छपरापासून करावी. पत्र्याला वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला की पत्रा कमी तापतो आणि खालच्या माणसाच्या डोक्यावरची धग कमी होते. नुसता तापमापक हा फरक पूर्ण दाखवत नाही, कारण चुलीसमोर बसल्यावर जाणवते तशी ही धग हवेतून नव्हे, थेट पत्र्यातून येते. छपरावर फिरणारी वायुवीजक चाकं बसवली तर वर साचलेली गरम हवा निघून जाते. पण खालून हवा आत यायला वाट हवी. खिडक्यांना माल टेकवून ठेवला असेल तर वरची चाकं नुसती फिरत राहतात. आपल्या रात्री थंड आहेत, त्याचा उपयोग करावा. शेवटची पाळी सुटल्यावर शटर घट्ट लावून दिवसभराची उष्णता कोंडण्यापेक्षा जाळीच्या खिडक्या रात्रभर उघड्या ठेवाव्यात. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी पाण्याचा कूलर उत्तम चालतो. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात तो निरुपयोगी, तेव्हा साधा मोठा पंखाच बरा. भट्टीसमोर चकचकीत पत्र्याचा आडोसा उभा केला तर धग परतते. उष्णतोपचाराची घाण दुपारऐवजी रात्रीच्या पाळीत टाकता येते.

दिव्यांचीही एक गोष्ट आहे. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत वीज वाचवण्यासाठी जुन्या ट्यूब काढून एलईडी दिवे बसवले गेले. या दिव्यांची उष्णता कमी असते. तिथल्या उत्पादनाच्या नोंदी अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा उष्ण दिवसांत शिलाईच्या कामाची होणारी घसरण या दिव्यांमुळे बरीच कमी झाल्याचं आढळलं. बदल विजेच्या बिलासाठी केला आणि वाढलं काम. मालकांनी बचतीचा हिशेब मांडताना हा रकाना सहसा ठेवलेला नसतो.

छोट्या उद्योजकाची अडचण मी जाणतो. ऑर्डर वेळेवर द्यायची, दर घासून घेतलेला, बँकेचा हप्ता डोक्यावर. त्याला मोठ्या कंपनीसारखी वातानुकूलित शेड उभारा असं सांगणं हे पोकळ शहाणपण होईल. म्हणून पहिलं पाऊल फार स्वस्त सुचवतो. हवेचं आणि ओल्या फडक्याचं तापमान दाखवणारा साधा तापमापक शेडमध्ये माणसाच्या उंचीवर टांगावा आणि दुसरा कचेरीत. मार्च ते जून रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आकडे वहीत लिहावेत. त्याच पानावर त्या दिवशी नाकारलेला माल, गैरहजर माणसं आणि लहानमोठ्या इजा यांचे रकाने आखावेत. ही वही कामगारांपैकीच एकाने भरावी. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मालकाने आणि कामगारांनी एकत्र बसून ती वाचावी. छपराला रंग द्यायचा की नाही, हे त्यानंतर वेगळं ठरवावं लागेल असं मला वाटत नाही.